क्लब विकला जातोय म्हणे! पण पैसा कोणाच्या खात्यात जाणार?

युरोपातला फुटबॉल नाशिकमध्ये बसून बघायचा तर झोपेवर पाणी सोडावं लागतं. इंग्लंडात रात्री आठला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे दीड वाजता लागतो, साडेतीनला संपतो, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असलेला पोरगा तारवटल्या डोळ्यांनी तसाच गेटवर जाऊन उभा राहतो. इतकं अंगावर घेणाऱ्याच्या कानावर ‘मालक गिऱ्हाईक शोधतोय’ अशी कुजबुज आली की त्याला चैन पडत नाही. कॉलेज रोडला, कॅनडा कॉर्नरला, सिडकोतल्या कट्ट्यांवर मग तोच विषय. कोण घेणार? अरब घेतील का? आपले अंबानी घेतील का? नवा मालक आला की मोठे खेळाडू येतील ना, दादा?

या गप्पा मी आवडीने ऐकतो आणि त्यात हिरिरीने भागही घेतो. पण एक प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो, आणि माझ्या मते पहिला तोच विचारायला हवा. या व्यवहारातला पैसा क्लबच्या खात्यात येणार की मालकाच्या?

इंग्लंडातला व्यावसायिक क्लब ही बहुतेक ठिकाणी एक कंपनी असते. शेअर ज्याच्या हातात, तो मालक. मालकाने स्वतःचे शेअर विकले तर पैसे मालकाला मिळतात, क्लबच्या तिजोरीत एक पौंडही वाढत नाही. कंपनीने नवे शेअर काढले आणि ते बाहेरच्या माणसाने घेतले तर पैसे क्लबला मिळतात, मात्र जुन्या मालकाचा हिस्सा तेवढा कमी होतो. तिसरा रस्ता कर्जाचा. त्यातही पैसा क्लबला मिळतो, पण तो व्याजासकट परत करायचा असतो. बातमीत या तिन्हींना सरसकट ‘गुंतवणूक’ म्हटलं जातं आणि घोळ तिथेच सुरू होतो.

युनायटेडवरचा बोजा

हे नीट कळायला मँचेस्टर युनायटेडइतकं चांगलं उदाहरण नाही. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये हा क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातली मोठी रक्कम कर्जाची होती आणि त्या कर्जाचा बराच भाग क्लबच्याच नावावर टाकला गेला. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं.

सातबारा वाचणाऱ्याला हे चटकन समजेल. समजा, मखमलाबादच्या शिवारातली बिनबोजाची द्राक्षबाग एकाने विकत घेतली. थोडे पैसे पदरचे घातले, बाकीचं कर्ज काढलं आणि ते त्याच बागेच्या सातबाऱ्यावर चढवलं. आता हप्ते बागेच्या उत्पन्नातून जाणार. ज्या वर्षी नवी कलमं लावायची किंवा ठिबक बदलायचं, त्या वर्षी हात आखडता घ्यावा लागणार. बाग चांगली आहे म्हणून हप्ते निघतात, पण ते पैसे बागेत परत जात नाहीत. युनायटेडच्या चाहत्यांचा वीस वर्षांचा राग हाच आहे. त्यातल्या काहींनी २००५ मध्येच वेगळं होऊन ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा स्वतःचा क्लब काढला. जे राहिले त्यांनी २०१० मध्ये हिरव्या-सोनेरी मफलरी गळ्यात घालून निषेध केला. हे रंग क्लबच्या ‘न्यूटन हीथ’ या मूळ अवताराचे.

२०१२ मध्ये युनायटेडचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले. तेव्हा उभे राहिलेले सुमारे २३ कोटी ३० लाख डॉलर अर्धे क्लबचं कर्ज फेडायला गेले आणि अर्धे ग्लेझर कुटुंबाला मिळाले. क्लब तोच, दिवस तोच, पण निम्मा पैसा एका खात्यात आणि निम्मा दुसऱ्या. आणखी एक मेख तिथेच मारून ठेवलेली होती. लोकांना विकलेल्या ‘ए’ वर्गाच्या शेअरला एक मत आणि कुटुंबाकडच्या ‘बी’ वर्गाच्या शेअरला दहा मतं. म्हणून नाशिकमध्ये बसून परदेशी शेअरांच्या ॲपवरून युनायटेडचा शेअर घेता येतो, मी घेतलेली माणसंही पाहिली आहेत, पण क्लब कोणी चालवायचा हे त्या शेअरने ठरत नाही.

मग २२ नोव्हेंबर २०२२ चा दिवस आला. त्याच दिवशी क्रिस्टियानो रोनाल्डोचा करार संपल्याचं जाहीर झालं, आणि त्याच दिवशी क्लबने निवेदन काढलं की संचालक मंडळ सगळे पर्याय तपासणार आहे. त्यात नवी गुंतवणूक होती, विक्री होती, आणि यातून व्यवहार होईलच याची खात्री नाही, हेही होतं. चाहत्यांनी मधला शब्द उचलला, विक्री. मालकांनी मात्र तिन्ही दारं उघडी ठेवली होती.

पुढे वर्षभर खेळ चालला. अशा विक्रीत मालक स्वतः गिऱ्हाईक शोधत फिरत नाही. तो एक गुंतवणूक बँक नेमतो. युनायटेडसाठी ‘रेन ग्रुप’ ही अमेरिकी कंपनी होती, त्याच वर्षी चेल्सीची विक्रीही तिनेच केली होती. बँक आधी इच्छुकांना थोडक्यात माहिती पाठवते. ज्याला पुढे जायचंय त्याच्याकडून गोपनीयतेच्या करारावर सही घेते आणि मग क्लबची कागदपत्रं उघडते. खेळाडूंचे करार, प्रायोजकांचे करार, कर्जाच्या अटी, स्टेडियमचे कागद. त्यानंतर बोली लागतात. पहिल्या बोलीने कोणी बांधला जात नाही, ती अंदाजाची असते. बँक मग दुसरी फेरी, तिसरी फेरी लावत भाव चढवते.

युनायटेडच्या बाबतीत दोन नावं शेवटपर्यंत राहिली. कतारचे शेख जासिम बिन हमद अल थानी यांना पूर्ण क्लब हवा होता. ‘इनिऑस’ या रसायन कंपनीचे सर जिम रॅटक्लिफ हिस्सा घ्यायलाही तयार झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेख जासिम बाजूला झाले आणि २४ डिसेंबरला रॅटक्लिफ यांचा करार जाहीर झाला. तो खरोखर पूर्ण झाला फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे पहिल्या निवेदनानंतर सव्वा वर्षाने.

या कराराचे दोन भाग वेगवेगळे वाचायला हवेत. पहिला भाग म्हणजे दर शेअरला ३३ डॉलर देऊन घेतलेला सुमारे चतुर्थांश हिस्सा. हे पैसे ग्लेझर कुटुंबाला आणि इतर भागधारकांना मिळाले. दुसरा भाग म्हणजे क्लबच्या सुविधांसाठी नव्या शेअरांच्या बदल्यात घातलेले ३० कोटी डॉलर. हे क्लबला मिळाले. सगळ्यांच्या तोंडी ‘रॅटक्लिफने एवढे ओतले’ हा आकडा होता, पण ओल्ड ट्रॅफर्ड या युनायटेडच्या स्टेडियमच्या गळक्या छपराच्या कामी येऊ शकणारा पैसा फक्त दुसरा. आणि इतकं होऊनही मतांची बहुसंख्या ग्लेझर भावंडांकडेच राहिली.

मालकाला विकावंसं का वाटतं

सगळ्यात साधं कारण भाव. फेनवे स्पोर्ट्स ग्रुपने लिव्हरपूल २०१० मध्ये ३० कोटी पौंडांना घेतला. बारा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, चेल्सी २५० कोटी पौंडांना गेला आणि शिवाय नव्या मालकांनी क्लबवर १७५ कोटी पौंड खर्च करण्याचं वचन दिलं. शेजारच्याला एवढा भाव मिळाला हे पाहिल्यावर लिव्हरपूल आणि युनायटेड या दोघांच्याही मालकांची नावं त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बाजारात यावीत, यात योगायोग कमी आहे.

चेल्सीची विक्री मात्र खुशीची नव्हती. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर चेल्सीचे रशियन मालक रोमन अब्रामोविच यांनी २ मार्च २०२२ ला क्लब विकायला काढला, आठ दिवसांत ब्रिटिश सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले आणि विक्रीचा पैसा ब्रिटनमधल्या गोठवलेल्या खात्यात गेला. अब्रामोविच यांनी क्लबला दिलेलं सुमारे १५० कोटी पौंडांचं कर्ज सोडून द्यावं लागलं. अशी विक्री झपाट्याने होते, कारण तिथे थांबण्याची सोय नसते. राजीखुशीची विक्री रेंगाळते. ग्लेझर यांच्याकडे सहा भावंडं, आणि सगळ्यांचं मत एक नव्हतं अशा बातम्या सतत येत राहिल्या. मालकी जितक्या हातांत, तितका उशीर.

लिव्हरपूलचं काय झालं? नोव्हेंबर २०२२ मध्ये मुकेश अंबानींच्या नावाच्या बातम्या आल्या आणि आपल्याकडे दोन-चार दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. लगेच इन्कारही आला. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये ‘डायनॅस्टी इक्विटी’ नावाच्या अमेरिकी कंपनीने छोटासा हिस्सा घेतला आणि तो पैसा मुख्यतः बँकांचं कर्ज उतरवायला वापरायचा असं क्लबने सांगितलं. गवगवा पूर्ण विक्रीचा, घडलं एवढंच. मला तरी हा व्यवहार चाहत्याच्या बाजूचा वाटतो, कारण पैसा क्लबच्या कामी आला.

अफवा कुठून येते

बोली चालू असताना प्रत्येक जण पत्रकारांशी बोलत असतो. विकणाऱ्याच्या बाजूने ‘आणखी एक मोठं गिऱ्हाईक आलंय’ असं बाहेर आलं तर भाव चढतो. घेणाऱ्याच्या बाजूने ‘आम्ही कंटाळून निघतोय’ असं आलं तर भाव उतरतो. दोन्ही बातम्या खऱ्याही असू शकतात, पण त्या कोणाच्या फायद्याच्या आहेत हे आधी बघावं. युनायटेडचा शेअर हा त्यातल्या त्यात चांगला पुरावा. सप्टेंबर २०२३ मध्ये मालक विक्रीचा विचार सोडणार अशी बातमी आली आणि शेअर एका दिवसात सुमारे १८ टक्क्यांनी पडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सौदीच्या मनोरंजन प्राधिकरणाचे प्रमुख तुर्की अलालशिख यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की युनायटेडची विक्री पुढच्या टप्प्यावर आहे, आणि पुन्हा रान पेटलं. नंतर त्यांनीच स्पष्ट केलं की घेणारा मी नाही.

सप्टेंबर २०२५ मधलं टॉटनहॅमचं प्रकरण मला जास्त शिकवून गेलं. क्लबचे अध्यक्ष डॅनियल लेव्ही पायउतार झाल्यावर क्लब विकणार अशी हवा झाली. मालक कंपनीने जाहीर केलं की विचारणा आल्या, त्या नाकारल्या, क्लब विकायचा नाही. ब्रिटनमध्ये कंपन्या ताब्यात घेण्याचे कडक नियम आहेत. ते लागू असलेल्या कंपनीबाबत नाव उघड झालेल्या इच्छुकाला ठरावीक मुदतीत सांगावं लागतं की बोली लावणार की नाही. ‘नाही’ म्हटलं की साधारण सहा महिने, काही अपवाद वगळता, परत दारात यायचं नाही. टॉटनहॅमसाठी इच्छुक म्हणून नाव आलेल्या अमांडा स्टेव्हली यांच्या कंपनीने ‘नाही’ असं जाहीर केलं. त्यामुळे अशी नोटीस निघाली की ती पूर्ण वाचावी. तिच्यातल्या शब्दाला कायद्याचं वजन असतं, निनावी ‘सूत्रां’ना नसतं.

करार जाहीर झाला म्हणजे क्लब विकला गेला, असंही नाही. एव्हर्टनच्या मालकाने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘७७७ पार्टनर्स’शी करार केला. नऊ महिने गेले आणि तो मोडला. मग फ्रीडकिन ग्रुप आला, गेला, परत आला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये विक्री पूर्ण झाली. न्यूकॅसलची बोलणी २०२० मध्ये फिसकटली होती, ती ऑक्टोबर २०२१ मध्ये ३० कोटी ५० लाख पौंडांना पार पडली. मधे प्रीमियर लीगची मालक-तपासणी असते. पैसा कुठून आला, माणूस कोण, आधी दिवाळं काढलंय का, हे तिथे बघतात.

आणि ‘मोठे खेळाडू येतील ना?’ याचं उत्तर न्यूकॅसलनेच दिलंय. सौदीचा सरकारी गुंतवणूक निधी तेव्हा ८० टक्क्यांचा मालक, म्हणजे पैशाला तोटा नाही. पण लीगच्या तेव्हाच्या नियमाने तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नव्हता. जून २०२४ मध्ये हिशेब बसवायला त्यांना एलियट अँडरसन आणि यांकुबा मिन्ते ही तरणी पोरं विकावी लागली. स्टेडियम आणि अकादमीवरचा खर्च या हिशेबात धरत नाहीत, म्हणून श्रीमंत मालकाचा खरा उपयोग तिथे.

पुण्याचे मालक

मालक आपल्यातला असला तर? याचंही उदाहरण आहे आणि ते मला सगळ्यात जास्त सलतं. नाशिक जिल्ह्यात कुक्कुटपालन करणाऱ्याला ‘वेंकीज’ हे नाव सांगावं लागत नाही. या पुण्याच्या समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. १९९४-९५ चा प्रीमियर लीग विजेता क्लब, पहिल्या दहा-बारांत खेळणारा. महिन्याभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम अलरडाईस यांना काढलं. मे २०१२ मध्ये क्लब खालच्या विभागात घसरला. त्या सामन्यात चाहत्यांनी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. २०१७ मध्ये तर क्लब तिसऱ्या पायरीवर गेला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या पायरीवर परतला.

इथे एक गोष्ट नाकारता येत नाही. या मालकांनी क्लबमधून पैसा काढला नाही, उलट वर्षानुवर्षं तोटा भरत आले. माझ्या पहिल्या प्रश्नाला त्यांचं उत्तर चांगलं आहे. तरी चाहते ‘विका’ म्हणतात, कारण पैसा येण्याइतकंच तो कोणत्या विचाराने खर्च होतो हेही महत्त्वाचं. शिवाय भारतातून तिकडे पैसे पाठवणं अवघड झालं. अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीमुळे रक्कम पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि बँक हमी लागू लागली. म्हणजे लँकेशायरच्या क्लबचा पगारखर्च दिल्लीतल्या तारखेवर अवलंबून! मग विकत का नाहीत? इतकी वर्षं घातलेली रक्कम भरून निघेल असा भाव देणारा मिळणं कठीण, आणि कमी भावात सोडणं म्हणजे तोटा कायमचा मान्य करणं. तोट्यातल्या क्लबांचे मालक इथेच अडकतात.

याहून वाईट म्हणजे नको त्याला विकणं. १८८५ चा ‘बरी’ नावाचा क्लब, दोन वेळचा एफए चषक विजेता, डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला. घेणाऱ्याला पैसे उभे असल्याचं सिद्ध करता आलं नाही आणि २७ ऑगस्ट २०१९ ला क्लब लीगबाहेर काढला गेला. पोर्ट्समथला मात्र २०१३ मध्ये चाहत्यांच्या संस्थेने वाचवलं आणि चार वर्षांनी चाहत्यांनीच मतदान करून तो डिस्नेचे माजी प्रमुख मायकल आयस्नर यांना विकला. अशा अनुभवांतून ब्रिटनने जुलै २०२५ मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आणला. जर्मनीत निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच ठेवण्याचा नियम १९९८ पासून आहे, लेव्हरकुझेन आणि वोल्फ्सबुर्गसारखे अपवाद सोडून.

आपल्याकडे चाहत्याला असं काहीच संरक्षण नाही. एफसी पुणे सिटीसाठी नाशिकहून बालेवाडीला जाणारे होते. २०१९ मध्ये तो संघ बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. हैदराबादने २०२२ मध्ये इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला, २०२४ मध्ये मालक बदलला आणि २०२५ मध्ये संघ दिल्लीला गेला. मुंबई सिटीत मँचेस्टर सिटीच्या मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला होता. लीगचंच भवितव्य अधांतरी झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये तोही बाहेर पडला. यातल्या एकाही निर्णयात प्रेक्षकाला कोणी विचारलं नाही.

तरी एक काम नाशिकमधूनही करता येतं, तेही फुकट. ब्रिटनमधल्या कंपन्यांचे वार्षिक हिशेब ‘कंपनीज हाउस’च्या संकेतस्थळावर कोणालाही उघडता येतात, आणि युनायटेडचे अमेरिकी बाजार नियामकाकडे असतात. त्यात रोख प्रवाहाचं पत्रक शोधा आणि त्यातला वित्तपुरवठ्याचा शेवटचा भाग वाचा. तिथे नवे शेअर काढून आलेली रक्कम, घेतलेलं आणि फेडलेलं कर्ज आणि वाटलेला लाभांश वेगवेगळ्या ओळींत असतात. व्याजही जवळपासच सापडतं. मालक बदलल्याच्या वर्षी नव्या शेअरांच्या ओळीत आकडा नसेल आणि मालकाकडून आलेलं कर्जही दिसत नसेल, तर विक्रीचा सगळा पैसा जुन्या मालकाच्या घरी गेला असं समजा.